इंग्लंडमधली जुनी विल्स मागवून सासरची वंशावळ शोधली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते. इंग्लंड किंवा वेल्समधल्या कोणाचे पूर्वज शोधायचे असतील, सासरचे असोत, जावयाच्या घरचे असोत नाहीतर मुंबईला रेल्वेत नोकरीला जाऊन तिथेच वारलेल्या एखाद्या साहेबाचे असोत, तर जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर पैसे उडवायच्या आधी प्रोबेटचे, म्हणजे कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्रांचे, कागद बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते पुढे येईलच, त्याला 1858 च्या आधीचा चर्चचा कारभार जबाबदार आहे, आत्ता काम करणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही.

मी लीड्सला राहते, माहेर सांगलीचं, नवरा यॉर्कशायरचा. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर एक वही केली होती, घराण्याची नावं आणि तारखा, सगळं चर्चच्या रजिस्टरांमधून उतरवलेलं, आणि ती वही एका ठिकाणी येऊन जी अडकली ती अडकलीच. म्हणजे कसंय, ही मंडळी हेप्टनस्टॉल नावाच्या डोंगरावरच्या गावातली, बहुतेक सगळी विणकर, आणि नावं ठेवण्यात महाकंजूष. जॉन, विल्यम, थॉमस, जेम्स, संपलं. त्यामुळे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, वयानेही जवळजवळ सारखे असे दोन विणकर, दोघांच्याही बायका मेरी, आणि आमचे खापरपणजोबा या दोघांतल्या कोणाचे चिरंजीव तेच कळेना. रजिस्टर फक्त एवढंच सांगतं की अमुक तारखेला अमक्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. कुठला अमका ते देवालाच ठाऊक. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत कसं गाव, कूळ, भाऊ, चुलते असे सगळे एका पानावर सापडतात, तसं काहीतरी हवं होतं, आणि ते काम इथे विल करतं.

प्रोबेट म्हणजे काय हे मुंबईकरांना सांगायला नको, फ्लॅटपायी हायकोर्टात खेटे घातलेली माणसं घरोघरी आहेत. बाकीच्यांसाठी दोन ओळी: माणूस गेला की त्याचं विल कोर्टापुढे ठेवायचं, कोर्टाने ते खरं मानलं की विलात नेमलेल्या एक्झिक्युटरला मालमत्ता वाटायचा अधिकार मिळतो, आणि विलच नसेल तर जवळच्या नातेवाइकाला अर्ज करून तो अधिकार घ्यावा लागतो. त्या अर्जावर जे पत्र मिळतं ते म्हणजे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. आपल्या कामाचं हे की दोन्हींची नोंद राहते, आणि इंग्लंडमध्ये ती शतकानुशतकं राहिलीय.

आता सगळ्यात महत्त्वाची तारीख, 12 जानेवारी 1858. ही पाठच करून टाका. त्या दिवसापासून विल्सचं काम चर्चच्या कोर्टांकडून काढून सरकारी प्रोबेट कोर्टाकडे गेलं, लंडनला मुख्य रजिस्ट्री आणि जिल्ह्याजिल्ह्यात शाखा, आणि अख्ख्या इंग्लंड-वेल्सची मिळून दरवर्षी आडनावाप्रमाणे लावलेली एकच छापील यादी निघायला लागली. तिला नॅशनल प्रोबेट कॅलेंडर म्हणतात. तुमचा माणूस 1858 नंतर गेला असेल तर तुम्ही नशीबवान, सरकारच्या फाइंड अ विल साइटवर आडनाव आणि साल टाकायचं की त्या यादीचं स्कॅन केलेलं पान समोर येतं, आणि पान बघायला एक पैसा लागत नाही. दिसायला साइट अगदी रुक्ष आहे, पानं पुढेमागे करत नाव शोधावं लागतं, पण मला तो प्रकार आवडला कारण शेजारची नावंही नजरेखालून जातात आणि त्यात भाऊबंद सापडतात. पानं पलटायचा कंटाळा असेल तर हेच कॅलेंडर अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर नावाने सर्च करता येतं, आणि इथल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत अ‍ॅन्सेस्ट्री फुकट असतं, लायब्ररीत जाऊन बसायचं फक्त.

कॅलेंडरची एक ओळ म्हणजे काय चीज असते ते दाखवते, नावं गाळून. आमच्या त्या दोन विणकरांपैकी एकाची 1867 ची नोंद साधारण अशी होती: अमुक, पूर्वी हेप्टनस्टॉलचा पण अलीकडे टॉडमॉर्डनचा, फस्टियन (जाडं सुती कापड) विणणारा, अमुक तारखेला टॉडमॉर्डनला वारला, विल वेकफील्डच्या रजिस्ट्रीत सिद्ध झालं, शपथ घेणारा एक्झिक्युटर म्हणजे त्याचा मुलगा अमुक, राहणार हेब्डन ब्रिज, धंदा अमुक. मालमत्ता शंभर पौंडांच्या आत. बास, एवढीच नोंद. पण बघा यात काय काय आलं. तो गाव सोडून खाली दरीत गेला हे कळलं, धंदा कळला, नेमकी मृत्यूची तारीख कळली म्हणजे दाखला मागवायचा तर अंदाजपंचे नको, आणि मुख्य म्हणजे मुलाचं नाव, गाव आणि धंदा एकत्र मिळाले, आणि तो धंदा आणि ते गाव सासऱ्यांच्या वहीतल्या खापरपणजोबांच्या जनगणनेच्या नोंदीशी तंतोतंत जुळलं. दोघांतला कोण हा वर्षानुवर्षांचा घोळ एका फुकटच्या ओळीत मिटला. विल अजून मागवलंही नव्हतं तोवर!

पैशांच्या आकड्याबद्दल मात्र सावध. शंभरच्या आत, दोनशेच्या आत असे जे आकडे दिसतात ते करासाठी पाडलेले टप्पे आहेत, नेमकी रक्कम नाही, नेमके आकडे 1881 पासून दिसायला लागतात. आणि 1898 पर्यंत त्यात जमीनजुमला धरलेलाच नसायचा, फक्त रोकड, सामान, शेअर, भाडेपट्ट्याचे हक्क असलं जंगम धरायचे. म्हणजे कोणाच्या नावापुढे वीस पौंड दिसले म्हणून तो कफल्लक होता असं नाही, तीन शेतं असतील त्याची, यादीत ती येणारच नाहीत. उलटही खरंय, आकडा मोठा दिसतो पण कर्ज वजा व्हायच्या आधीचा असतो.

यावरून मुद्दा निघाला म्हणून सांगते, आमची माणसं गरीब होती, ती कशाला विल करतील, हे वाक्य मी इथल्या लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की बास. अहो, वीस पौंडांच्या आतली विल्स ढिगाने आहेत. कोळशाच्या खाणीतला मजूर, गवंडी, बोर्डिंग चालवणारी विधवा, सगळे सापडतात. सगळ्यांनी केलं नाही हे खरं, बहुसंख्य लोकांनी केलंच नाही, पण यादीत बघायला काय जातंय? आणि तुमच्या थेट पूर्वजाने केलं नसेल तर त्याच्या भावाने केलं असेल, मेव्हण्याने केलं असेल, शेजाऱ्याने केलं असेल आणि त्यात साक्षीदार म्हणून तुमचा माणूस सही करून बसला असेल. आणखी एक, त्याच वर्षी नाव दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका. साधारण वर्षभरात काम व्हायचं पण कधीकधी बायको गेल्यावर, घर विकायची वेळ आल्यावर कोणाला तरी जाग यायची, मग दहा-वीस वर्षांनी नोंद होते. 1870 पर्यंत विल नसलेल्यांची यादी वेगळी छापायचे, ती बघायची विसरू नका.

आता खुद्द विलबद्दल. कॅलेंडरमध्ये नोंद सापडली की तिथूनच स्कॅन केलेली प्रत मागवता येते, ईमेल येतो, मग लॉगिन करून ठराविक मुदतीत डाउनलोड करायची. एक प्रत बरीच वर्षं 10 पौंडांना होती, 2019 मध्ये दीड पौंडावर आणली, तेव्हा लोकांनी अक्षरशः घाऊक खरेदी केली. फी बदलत असते, मागवायच्या दिवशी किती आहे ते बघून घ्या. दीड पौंडात मिळत होतं तेव्हा डोळे झाकून मागवायचं, जास्त असेल तर आधी फुकटची ओळ नीट वाचायची आणि मग ठरवायचं. माझा हिशोब असा की बायको आणि एकच मुलगा असलेल्या माणसाचं विल शेवटी ठेवा, सगळं बायकोला आणि तिच्यामागे मुलाला असं दोन ओळींचं निघतं. आधी मागवायचं ते बिनलग्नाच्या आत्याचं.

हो, आत्याचं! हा माझा सगळ्यात लाडका विषय. लग्न झालेल्या बाईला 1882 चा कायदा येईपर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय विल करायची सोय जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे त्याआधीची बायकांची विल्स म्हणजे विधवांची नाहीतर अविवाहित बायकांची. आणि ज्या बाईला स्वतःची मुलं नाहीत ती काय करते, जे काही आहे ते भाचरांत आणि पुतण्यांत वाटते, नाव घेऊन. आमच्या त्या खापरपणजोबांच्या आत्याचं हेब्डन ब्रिजला छोटंसं दुकान होतं. तिच्या विलात चांदीचे चमचे एका भाचीला, काळा रेशमी ड्रेस दुसरीला, गादी-उशा-चादरी तिसरीला, आणि प्रत्येकीच्या नावापुढे अमक्याची बायको, राहणार अमुक, म्हणजे लग्नानंतरची आडनावं आयती. घड्याळ एका भाच्याला, तो सध्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्सला असतो, हयात असेल तर. आता लॉरेन्स म्हणजे तिथलं गिरण्यांचं गाव, यॉर्कशायर-लँकेशायरचे कितीतरी कामगार तिकडे गेले. सासऱ्यांच्या वहीत या भाच्याचा फक्त जन्म होता, पुढे काहीच नाही, लहानपणीच गेला असेल असं सगळे धरून चालले होते. आणि हा तिकडे अमेरिकेत सूत काततोय!

शिलिंगबद्दल पण बोलायला हवं कारण यावरून घरोघरी गोष्टी रचल्या जातात. थोरल्या मुलाला एक शिलिंग आणि बाकी सगळं धाकट्याला, असं दिसलं की लगेच लोक म्हणतात बापाने हाकलून दिला. तसं असेलही. पण खूपदा थोरल्याचा वाटा आधीच देऊन झालेला असायचा, धंद्याचं शिक्षण, लग्नात दिलेली रक्कम, शेत त्याच्या नावावर केलेलं, आणि शिलिंग लिहायची ती एवढ्यासाठी की मागाहून त्याने मला विसरले होते असं म्हणू नये. थोरल्याचं नावच नाही असंही होतं आणि तरी तो घरात, शेतावर व्यवस्थित नांदत असतो. तसंच नात्यांचं, 17 व्या शतकातलं विल वाचताना कझिन दिसलं की भाचा, पुतण्या, नातू काहीही असू शकतं आणि फादर-इन-लॉ म्हणजे सावत्र बापही निघतो, आजच्या अर्थाने झाड काढायला गेलात तर फांदी भलतीकडेच जाते.

बरं, आता अर्धा मार्क. 1858 च्या आधी विल सिद्ध करणं हे चर्चचं काम होतं आणि चर्चची कोर्टं होती शेकड्यांनी. माणसाची मालमत्ता एका छोट्या हद्दीत असेल तर आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याचं, कोर्ट, जास्त पसरलेली असेल तर बिशपचं, दोन बिशपांच्या हद्दीत असेल तर आर्चबिशपचं, म्हणजे उत्तरेत यॉर्क आणि दक्षिणेत कँटरबरी. त्यातून मधेच काही गावं अशी की ती कोणाच्याच हद्दीत नाहीत, त्यांचं स्वतःचं वेगळं कोर्ट. म्हणजे आधी माणूस कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत, मेला आणि काय सोडून मेला ते कळल्याशिवाय कागद कुठल्या शहरात आहेत तेच कळत नाही. आमच्या टॉडमॉर्डनचंच घ्या, एकच गाव, मधून तेव्हा यॉर्कशायर आणि लँकेशायरची हद्द जायची, टाऊन हॉल सुद्धा हद्दीवर बांधलेला. स्टॅन्सफील्ड आणि लँगफील्डकडची माणसं हॅलिफॅक्स पॅरिशची, त्यांची विल्स यॉर्कच्या चर्चकडे, ती आता यॉर्क युनिव्हर्सिटीच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. आणि हाकेच्या अंतरावर टॉडमॉर्डन-वॉल्सडेनकडची माणसं रॉचडेल पॅरिशची, ती गेली चेस्टरच्या बिशपच्या हद्दीत, त्यांचे कागद प्रेस्टनला लँकेशायर आर्काइव्ह्जमध्ये. सख्खे चुलतभाऊ, दोघांमध्ये एक ओढा, आणि विल्स दोन वेगळ्या शहरांत. हे समजेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. समजलं की मात्र मजा येते, तो भाग वेगळा.

बॉर्थविकच्या इंडेक्सपैकी 1688 ते 1858 चा भाग फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर आहे. कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टाची, म्हणजे ज्याला सगळे पीसीसी म्हणतात त्याची, 1384 पासून 1858 पर्यंतची दहा लाखांहून जास्त विल्स लंडनमध्ये क्यू या भागात नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आणि त्यांच्या साइटवर नाव, गाव, धंदा टाकून शोधता येतात. 2020 मध्ये कोविडमुळे बंद असताना त्यांनी अकाउंट काढलं की डाउनलोड फुकट अशी सोय सुरू केली होती, आता काय नियम चालू आहे तो साइटवर बघा. उत्तरेतल्या माणसाचं नाव पीसीसीत कशाला असेल असं म्हणून सोडू नका. 19 व्या शतकाच्या सुरुवातीपासून बँक ऑफ इंग्लंड सरकारी रोख्यांसाठी पीसीसीचंच प्रोबेट मानायला लागली, त्यामुळे चार पैसे गुंतवलेला कोणीही तिथे सापडतो. समुद्रावर किंवा परदेशात मेलेले खलाशी, शिपाई, ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर पण तिथेच. आणि क्रॉमवेलच्या काळात 1653 ते 1660 चर्चची कोर्टं बंदच होती, सगळ्या देशाची विल्स एकाच ठिकाणी सिद्ध व्हायची, तीही या पीसीसीच्या दप्तरातच आहेत.

एक लक्षात ठेवा, तिथे जी ऑनलाइन दिसतात ती कारकुनाने रजिस्टरात उतरवून काढलेली प्रत आहे, सही-अक्षर तुमच्या पूर्वजाचं नाही. मूळ कागद वेगळ्या मालिकेत. लेखिका जेन ऑस्टेनचं विल याचं मस्त उदाहरण आहे, 27 एप्रिल 1817 ला तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, जवळजवळ सगळं बहिणीला, कॅसँड्राला, पन्नास पौंड भावाला आणि पन्नास एका फ्रेंच बाईंना, पण साक्षीदारांच्या सह्याच घेतल्या नाहीत, त्यामुळे ती गेल्यावर ओळखीच्या दोन माणसांना कोर्टात शपथेवर सांगावं लागलं की हे अक्षर तिचंच. दोन साक्षीदार हवेतच हा नियम 1837 च्या कायद्याने सरसकट लागू केला. त्या कायद्याच्या आधी जंगम मालमत्तेचं विल चौदा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी पण करू शकायची, त्यामुळे विल केलं म्हणजे एकवीस पूर्ण असणारच असा हिशोब जुन्या कागदाला लावू नका.

वाचायला किती जड? 1700 नंतरचं असेल तर सवयीने जमतं. त्याआधीचं सेक्रेटरी हँड म्हणजे आपल्या मोडीसारखाच मामला, आधी एकही शब्द लागत नाही, मग ठरलेली सुरुवात ओळखू यायला लागते, देवाच्या नावाने आमेन, शरीराने आजारी पण बुद्धीने शाबूत, आत्मा देवाला आणि शरीर मातीला, आणि त्या ओळखीच्या शब्दांतली अक्षरं धरून पुढचं लागतं. विरामचिन्हं नसतात. विल इंग्रजीत असलं तरी तळाचा सिद्ध झाल्याचा शेरा 1733 पर्यंत बहुधा लॅटिनमध्ये, पण तोही ठरावीक, एकदा कळला की झालं. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर जुनं अक्षर वाचायचा फुकट कोर्स आहे, चांगला आहे, तो आधी करा. आणि 1752 च्या आधी नवीन वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारी 1700 हा डिसेंबर 1700 च्या नंतर येतो. विल आधीचं आणि मृत्यू नंतरचा असा उलटा प्रकार दिसला तर घाबरू नका.

पण माझ्या मते या सगळ्यातली खरी मलई म्हणजे इन्व्हेंटरी. साधारण 16 व्या शतकापासून 18 व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत माणूस गेला की दोन-चार शेजारी घरात फिरून खोलीवार सामानाची यादी करायचे आणि किंमत लावायचे. यॉर्कशायरकडे सुरुवात बहुतेक ठरलेली, पैशाची थैली आणि अंगावरचे कपडे. मग चुलीची खोली, तिथली भांडी, कथिलाच्या मिश्रधातूच्या ताटल्या, पीठ ठेवायची मोठी लाकडी पेटी, मग आतली खोली आणि तिथला पलंग, मग माडी. विणकराच्या घरात माडीवरच माग असायचा, लोकर असायची, चरखे असायचे, आणि कापड ताणून वाळवायच्या चौकटी बाहेर शेतात. शेवटी किरकोळ अडगळीसाठी त्यांच्याकडे हसलमेंट असा एक शब्द, आणि मग लोकांकडून येणं. आकडे रोमन, शेवटचा आय लांब ओढून जे सारखा काढलेला, त्यामुळे चार म्हणजे आय आय आय जे. बारा पेनीचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पौंड, हे डोक्यात ठेवून बेरीज करायची, आणि शेजाऱ्यांची बेरीज दरवेळी बरोबर असतेच असं नाही. आमच्या घराण्यातली जी एक मिळाली तीत एक गाय आणि एक पुस्तक आहे, कुठलं ते लिहिलेलं नाही. किंमत लावणाऱ्यांपैकी एकाने सहीच्या जागी नुसती खूण केलीय.

नाही मिळालं तर? काही ठिकाणी मिळणारच नाही. डेव्हन आणि सॉमरसेटवाल्यांचं नशीब सगळ्यात फुटकं, 1942 च्या बॉम्बिंगमध्ये एक्सेटरची प्रोबेट रजिस्ट्री जळाली आणि तिकडची जुनी विल्स बहुतेक गेलीच. अशा वेळी 1796 पासूनची डेथ ड्यूटीची रजिस्टरं बघायची, म्हणजे वारसा कराच्या वह्या, त्यांत कोणाला किती मिळालं आणि मृताशी नातं काय हे असतं कारण नात्यावर कराचा दर ठरायचा. आयर्लंडची तर 1922 च्या डब्लिनच्या आगीत राख झाली. स्कॉटलंडचा कायदाच वेगळा, तिकडे प्रोबेट नाहीच, स्कॉटलंड्सपीपल या साइटवर जा.

पैसे घेणाऱ्या साइट्सबद्दल एक तक्रार, नाव घेत नाही. एका ठिकाणी मी फ्री ट्रायल घेतली, कॅन्सल करायचं बटण चार मेन्यूंच्या आत लपवलेलं, आणि वर्षाचे पैसे कापले गेले, परत मिळाले पण ईमेलवर ईमेल करून. आणि जे कागद आर्काइव्हच्या स्वतःच्या साइटवर फुकट किंवा स्वस्तात आहेत तेच तिथे भारी दराने दिसतात, म्हणून आधी मूळ आर्काइव्हच्या कॅटलॉगमध्ये बघायची सवय लावा. मेंबरशिप घ्यायचीच तर एका महिन्याची घ्या, आधी शोधायच्या नावांची यादी करून बसा.

सैनिकांची विल्स पण फाइंड अ विलवर वेगळ्या भागात आहेत, 1850 ते 1986 मधली. पहिल्या महायुद्धातल्यांची बहुतेक पगाराच्या छोट्या वहीतल्या पानावर लिहिलेली, दोन ओळी, सगळं आईला. मी नवऱ्याच्या आजोबांच्या भावाचं काढलं आणि घरात दोन दिवस त्यावर कोणी काही बोललं नाही, एवढंच सांगते.

सरकारबद्दल एक गोष्ट मात्र खटकते. डिसेंबर 2023 मध्ये न्याय खात्याने प्रस्ताव मांडला होता की जुनी विल्स स्कॅन करून ठेवायची आणि 25 वर्षांनंतर मूळ कागद नष्ट करायचे, फक्त प्रसिद्ध लोकांचे ठेवायचे, कारण साठवणुकीवर वर्षाला 45 लाख पौंड जात होते. इतिहासवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि बरोबरच केलं. प्रसिद्ध कोण हे आज कोण ठरवणार? आमच्या दुकानवाल्या आत्याला कोण प्रसिद्ध म्हणेल? आणि स्कॅन करताना पान उलटायचं राहिलं, मागची सही दिसली नाही, तर मग बघायला जायचं कुठे.

आपल्या लोकांसाठी शेवटचं. कॅलेंडर चाळताना बॉम्बे हा शब्द इतक्यांदा दिसतो की हसू येतं, अलीकडे बॉम्बे, ईस्ट इंडीजचा, असं लिहिलेलं असतं. सासरच्या एका दूरच्या शाखेतला एक जण असाच जीआयपी रेल्वेत गेला आणि तिकडेच वारला, इंग्लंडमधली त्याची शिल्लक शंभर पौंडांच्या आत म्हणून इथे एक ओळ. पण मुंबई, कलकत्ता, मद्रास इलाख्यांत वारलेल्या युरोपियनांची विल्स आधी तिकडच्या कोर्टात सिद्ध व्हायची आणि त्यांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, सामानाच्या याद्या आणि लिलावाचे हिशोब पण, काही हिशोबांत कोणी काय विकत घेतलं तेसुद्धा. नोकराला, आयाला, सोबत राहिलेल्या देशी बाईला आणि तिच्या मुलांना ठेवलेले पैसे कंपनीच्या काळातल्या विल्समध्ये बऱ्याचदा दिसतात, त्यामुळे कोकणात नाहीतर पुण्या-मुंबईत ज्यांच्या घराण्यात असा एखादा साहेब असल्याचं दबक्या आवाजात बोललं जातं त्यांनीही बघायला हरकत नाही. इंडेक्ससाठी फिबिस या संस्थेची साइट फुकट आहे, बरेच स्कॅन फाइंडमायपास्टवर आहेत, आणि प्रत्यक्ष ब्रिटिश लायब्ररीत, म्हणजे लंडनला सेंट पँक्रसला, जाणार असाल तर रीडर पास लागतो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दोन्ही बरोबर ठेवा आणि कागद आधी ऑर्डर करून मगच ट्रेनचं तिकीट काढा.